आधी सावली, मग पाम

बेळगावात घर बांधून झालं की गेटजवळ पाम लावायची आता पद्धतच पडलीय. टिळकवाडीपासून अनगोळ, भाग्यनगरपर्यंत कुठल्याही कॉलनीत फिरा, कंपाउंडच्या कडेनं चार रॉयल पाम नाहीतर पोर्चमध्ये कुंडीतले अरेका दिसणारच. आणि मार्च लागला की त्यातले बरेचसे शेंडे करपून, पिवळे पडून उभे असतात. मग लोक म्हणतात आपल्याकडं पाम नीट येत नाहीत, ते काम कोकणातलं नाहीतर गोव्यातलं. मला हे अजिबात पटत नाही. येतात की, चांगले दाट येतात, खालून वर बघितलं तर आभाळ दिसू नये इतके येतात, फक्त पामला उघड्यावर एकटं उभं करायचं नाही. आधी सावली तयार करायची आणि मग पाम लावायचे. माझं म्हणणं एवढंच आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर जो तो विचारतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आपलं हवामान बघूया. अक्षांश बघितला तर बेळगाव पंधरा-सोळाच्या मधे, म्हणजे पक्कं उष्ण कटिबंधात. पण आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर बसलोय, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १३-१४ पर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. म्हणून ब्रिस्बेन किंवा फ्लोरिडाकडची माणसं त्यांच्या घरच्या पाम बागांबद्दल जे सांगतात त्यातलं थंडीबद्दलचं बरंचसं आपल्याला लागू पडतं. लागू पडत नाही ते पाण्याचं. त्यांच्याकडं कोरड्या महिन्यांतही अधूनमधून पाऊस होतो. आपल्याकडं शहरात वर्षाला १२००-१३०० मिलिमीटर पडतो खरा, पण तो सगळा जून ते सप्टेंबर आणि थोडा परतीचा, मग वळीव येईपर्यंत आभाळ कोरडं, त्यात फेब्रुवारीनंतर दुपारचं ते कोरडं वारं. पामचं पान करपतं ते नुसत्या उन्हानं नाही, त्या वाऱ्यानं करपतं. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं आपोआप कळत जातं.

आणि आपल्याला फ्लोरिडाला तरी कशाला जायला पाहिजे? चोर्ला घाट उतरला की खाली गोव्यातली कुळागरं आहेत. वर नारळ आणि फणस, त्याच्या खाली पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, मधे केळी, तळाला हळद-आलं-अळू आणि सगळ्यातून खेळवलेले पाण्याचे पाट. भर मे महिन्यात आत पाय टाकला की अंगाला गारवा लागतो. दुसऱ्या बाजूला सिरसीकडच्या सुपारीच्या बागा बघा. तिथं बागवाल्यांना जंगलातली बेट्टा जमीन जोडून दिलेली असते, ब्रिटिशांच्या काळापासून एक एकर बागेला नऊ एकरापर्यंत, कशासाठी तर पालापाचोळा आणून बागेत घालायला. नऊ एकराचा पाला एका एकराला! पामची भूक किती आणि कसली आहे ते यावरून कळतं. पाम हे मुळात रानातलं, दुसऱ्या झाडांच्या सावलीत वाढून मग वर डोकं काढणारं झाड आहे, निदान आपण घरी लावतो त्यातले बहुतेक तरी. आपण त्याला नर्सरीतून आणून पेव्हर ब्लॉकच्या मधे दोन फुटाच्या चौकोनात लावतो आणि वाढत नाही म्हणून तक्रार करतो.

आमची जागा हिंडलग्याच्या बाजूला, वेंगुर्ला रोडच्या आत, लाल माती आणि दोन फुटाखाली मुरूम. सुरुवात मी पामनं केलीच नाही. पश्चिमेच्या कंपाउंडला ग्लिरिसिडिया लावला, म्हणजे आपली उंदीरमारी, फांदी खोचली की लागते. जुलै-ऑगस्टमधला पश्चिमेचा वारा तो अडवतो, उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊन अडवतो, आणि वर्षातून दोन-तीनदा छाटला की नत्रानं भरलेला पाला फुकट मिळतो. त्याच्या आतल्या बाजूला केळी. केळी म्हणजे सगळ्यात लवकर मिळणारी सावली, वर्षभरात डोक्यावर जाते, आणि घड काढला की बुंधा तिथंच चिरून पामच्या बुडात आडवा टाकायचा, पाणीच पाणी असतं त्याच्यात. सुपारी लावणारे शेतकरी पहिली काही वर्षं केळीच्या आडोशानंच रोपं वाढवतात. सुपारीच्या खोडाला नैर्ऋत्येचं दुपारचं ऊन लागलं की साल भाजते आणि खोडाची ती जखम पुढं कधीच भरून येत नाही, म्हणून ओळीसुद्धा ते दक्षिण-उत्तर सरळ न ठेवता नैर्ऋत्येकडं कलवून आखतात. आंब्या-चिक्कूला जखम झाली तर साल वाढून ती बुजते, पामला तशी वाढणारी सालच नाही. म्हणून पामच्या खोडाला खिळा मारणं, लायटिंगची तार आवळून बांधणं, गवत कापायच्या मशीनचा फटका बसू देणं, हे कृपा करून टाळा.

मातीचं मात्र दोन बेळगावं आहेत हे लक्षात ठेवा. पश्चिमेला लाल, जांभ्याची, पाणी झिरपून जाणारी. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या बाजूला काळी, भाताची, बासमतीची माती. माझी धाकटी जाऊ वडगावला राहते, तिचा फोन आला, "अक्का, पाणी तर रोज घालतोय की मी, तरी नवीन पान पांढरंफटक येतंय बगा." मी म्हटलं, "अगं जुनी पानं कशी आहेत ते सांग आधी." जुनी हिरवी होती. म्हणजे लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतंच, पण काळ्या चुनखडीच्या मातीत, त्यातून रोज पाणी साचलेल्या मातीत, मुळांना ते उचलता येत नाही. तिला पाणी बंद करायला सांगितलं, आठवड्यातनं एकदाच पण भरपूर, आणि हिराकसची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, हलकी फवारणी. नंतरचे पाम तिनं दीड फूट उंच वरंबा करून, त्यात भरपूर पालाखत मिसळून वर लावले, ते छान आलेत. काळ्या मातीत खड्डा करून पाम लावणं म्हणजे पावसाळ्यात त्याला विहिरीत उभं करणं आहे.

आमच्या लाल मातीची तऱ्हा उलटी. इथं पाऊस पोटॅश धुऊन नेतो, आणि पामला नत्राइतकीच, खरं तर त्याहून जास्त, पोटॅशची भूक. आधी जुन्या, खालच्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके येतात, मग टोकं वाळतात. याच्यात सगळ्यांत मोठा घोटाळा काय होतो तर माळी येतो आणि खालची पिवळी पानं साफ करून जातो, झाड वरती झाडूसारखं उभं दिसतं आणि लोकांना ते नीटनेटकं वाटतं. पण पाम त्या जुन्या पानातलं पोटॅश खेचून नवीन पानाला देत असतो! ते पान कापलं की तो त्याच्या वरचं पान ओरबाडायला लागतो, मग तेही पिवळं पडतं, तेही कापलं जातं, आणि झाड हळूहळू बारीक होत जातं, खोड वरती पेन्सिलीगत निमुळतं होतं. पान पूर्ण तपकिरी वाळलं की मगच काढायचं, एवढा एकच नियम पाळला तरी बेळगावातले अर्धे पाम सुधारतील असं मला मनापासून वाटतं. खताचं म्हणाल तर फ्लोरिडा विद्यापीठवाले पामसाठी ८-२-१२ असं प्रमाण सांगतात, म्हणजे नत्र ८, स्फुरद २, पालाश १२, शिवाय मॅग्नेशियम ४. आपल्याकडं १९-१९-१९ मिळतं ते सर्रास घालतात, त्यात पामला नको इतकं स्फुरद जातं. मी निंबोळी पेंड, पोटॅश आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट असं मृगाला, परत सप्टेंबरात आणि थोडं फेब्रुवारीत घालते, खोडाला चिकटून नाही, पानांचा घेर जिथं संपतो तिथपर्यंत पसरून, वरनं पाला.

पाल्याबद्दल लिहायला बसले तर संपणार नाही. आपल्या जिल्ह्यात ऊस तुटला की शेतात पाचट पेटवून देतात, बघवत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, टेम्पो घेऊन जा, तो आनंदानं देईल. चार-पाच इंचाचा थर, दरवर्षी, खोडापासून वीतभर लांब. दोन-तीन पावसाळ्यांत मुरमाड मातीचं रूप बदलतं, बोटानं उकरलं तरी गांडुळं दिसतात, आणि उन्हाळ्यात पाणी अर्ध्यावर येतं. उन्हाळ्यात पाण्याचे हाल आपल्याला नवे नाहीत, नळाचं पाणी चार-आठ दिवसांनी येणार आणि बोरचं पाणी क्षाराचं, त्यानं पानांची टोकं जळतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर कुंडीतल्या पामना तेच द्या.

आता कुठले पाम लावायचे. माझा पहिला मान आपल्या भेर्ली माडाला. खानापूरच्या पुढं, जांबोटी-कणकुंबीकडं, मलप्रभा जिथं उगम पावते त्या रानात हा उभा असतो, माशाच्या शेपटीसारखी पानं आणि घोड्याच्या शेपटासारखे लोंबणारे फुलोरे. पामच्या एवढ्या मोठ्या कुळात दोनदा विभागलेलं पान फक्त याच्या जातीला, म्हणजे कॅरिओटाला असतं. दहा-पंधरा वर्षं नुसता वाढतो, मग फुलायला लागतो तो वरून खाली, एकेक फुलोरा खालच्या पेरावर येत जातो आणि सगळ्यात खालचा फळून झाला की झाड संपतं. त्याची फळं धनेश खातात, उदमांजरं खातात, पण आपण उघड्या हातानं धरायची नाहीत, भयंकर खाज सुटते. हा आपल्या मातीतला, इथल्या पावसाचा आणि इथल्या कोरड्या महिन्यांचा सवयीचा, तरी नर्सरीत विचारलं तर आधी परदेशीच दाखवतात. जागा कमी असेल तर त्याचाच छोटा भाऊ, झुबक्यानं वाढणारा कॅरिओटा मायटिस लावा. ओढ्याकाठी दिसणारी शिंदी पण फार देखणी, निळसर पानांची, आणि पाण्याची चैन न मागणारी, पण देठाच्या बुडाला काटे असतात तेव्हा पोरं खेळतात तिथं नको.

वरच्या थराला नारळ आहेच. कोकणातल्यापेक्षा आपल्याकडं जरा सावकाश येतो पण येतो. बाणवली लावा नाहीतर बुटका ऑरेंज ड्वार्फ. जांभ्याच्या कडक जमिनीत खड्ड्याच्या तळाला लावणीच्या सहा महिने आधी दोन किलो मीठ घालून ठेवायचं, तळ भुसभुशीत होतो, आणि नंतर तळाशी नारळाची सोडणं उताणी रचायची, ती पाणी धरून ठेवतात. नारळाच्या जोडीला फॉक्सटेल, हा मला परदेशी पामांत सगळ्यात आवडता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल नावाच्या एका कोपऱ्यात दगडधोंड्यांत वाढणारा, शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते १९८३ साली, आणि आज जगभर रस्तोरस्ती आहे. दगडात वाढलेला असल्यामुळं आमच्या मुरमाला तो लगेच सरावला, वारा पण सोसतो. क्वीन्सलँडचाच अलेक्झांड्रा पाम भराभर वाढतो, आपली थंडी त्याला आवडते, पण पाणी सतत पाहिजे, बाथरूमच्या पाण्याचा निचरा जिथं जातो तिथं लावलेला बरा.

रॉयल पामला माझा विरोध नाही, फक्त तीस-चाळीस फुटी प्लॉटमध्ये तो नको. क्युबाचा हा राजा २०-२५ मीटर जातो, एकेक पान तीन-चार मीटरचं आणि वजनदार, ते लाईटच्या तारेवर किंवा गाडीवर पडतं. आणि घेताना एक बघा, पुष्कळ ठिकाणी रॉयलचीच लहान रोपं बॉटल पाम म्हणून विकतात. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, मूळ रानात बोटावर मोजण्याइतकाच उरलाय, वाढतो अगदी हळू आणि उंची माणसाच्या दुप्पट म्हणजे खूप झाली. लाल देठाचा लिपस्टिक पाम दिसायला इतका सुंदर की हात आपोआप पाकिटाकडं जातो, पण तो मलेशिया-सुमात्राच्या दलदलीतला, आपल्या जानेवारीतल्या रात्री त्याला झेपत नाहीत. त्याच्यावर पैसे घालू नका.

खरी दाटी येते ती मधल्या आणि खालच्या थरानं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. मधे पोफळ लावा, पाच-सात एकत्र, आणि एखाद-दुसरीवर मिरी चढवा. अरेका पाम झुबक्यानं कडेला, तो मादागास्करचा, थोड्या सावलीत त्याचा रंग गडद हिरवा राहतो आणि कडक उन्हात पिवळा पडतो, म्हणून त्याची जागा गेटवर नाही, केळीच्या आत आहे. त्याच्याही खाली रॅपिस आणि चामेडोरिया, हे दोन सावलीचे राजे, फणसाखाली जिथं दुसरं काही येत नाही तिथं हे मजेत राहतात. पंख्यासारख्या गोल पानाचा लिकुआला ग्रँडिस पण तिथंच, वारा अजिबात न लागणारी जागा बघून, नाहीतर पान फाटून चिंध्या होतात. आणि जमीन उघडी ठेवायचीच नाही, सोनटक्का, हळद, अळू, कर्दळ, नेचे, सिंगोनियम, जे मिळेल ते. सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम हे दोन्ही खरे पाम नाहीत, पण बागेत शोभतात, लावा खुशाल, सायकसला ऊन द्या म्हणजे झालं.

कीड-रोगात दोन गोष्टींना मी खरंच घाबरते. एक गेंड्या भुंगा. पान उघडलं की कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं, ते याचं काम. हा शेणखताच्या उकिरड्यात वाढतो, म्हणून ताजं शेण ढीग करून बागेत ठेवू नका, कुजलेलं आणा आणि लगेच पसरा. कोवळ्या पानांच्या बेचक्यात डांबराच्या तीन-चार गोळ्या ठेवून वर वाळू टाकली की तो सहसा येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जुलैतली शेंडेकूज. पामच्या एकेका खोडाला कोंब एकच, तो सडला की ते खोड संपलं, त्याला बाजूनं फांदी फुटत नाही. मधलं सुरळीतलं पान पिवळं पडून ओढल्यावर हातात आलं आणि बुडाला घाण वास आला तर तेवढा भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावायची. त्यापेक्षा पावसाआधीच एक टक्का बोर्डो मारून ठेवणं चांगलं, १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, प्लास्टिकच्या बादलीत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. नारळावरची ती पांढरी माशी, २०१६ साली तामिळनाडूत पहिल्यांदा सापडली आणि मग सगळीकडं पसरली, तिच्यामुळं खालच्या झाडांवर काजळी येते. तिच्यावर जहाल औषध मारू नका, तिला खाणारी बारीक गांधीलमाशी आपोआप येते, औषधानं तीच मरते. पाइपानं जोरात पाणी आणि निंबतेल, बास.

शेजारच्या काकू नेहमी विचारतात, "एवढं रान केलंयस, साप येत नाहीत काय गं?" प्रश्न बरोबरच आहे. घराच्या भिंतीपासून चार-पाच फूट मी पाला टाकत नाही, तिथं बारीक खडी आहे, पायवाट रुंद आहे आणि रात्री दिवा असतो. उंदीर नसले तर साप फिरकायचं कारण कमी होतं, म्हणून खरकटं बागेत टाकायचं नाही. डास होऊ नयेत म्हणून पोफळीची गळलेली विरी, म्हणजे पानाच्या बुडाचं रुंद आवरण, आणि नारळाची करवंटी उताणी राहू द्यायची नाही, त्यात पाणी साचतं, पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी त्यासाठीच मारते.

रोपं घेताना मोठ्या उंचीच्या मागं लागू नका. आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येणारी मोठी झाडं चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात, तो गोळा आपल्या मातीत बसला की पाणी बाहेरूनच निघून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात, म्हणून लावण्याआधी गोळ्याची कड हलक्या हातानं मोकळी करून घ्या. त्यापेक्षा दोन-तीन फुटाचं, पिशवीतलं, मधलं पान ताठ असलेलं रोप लवकर धरतं. लावताना खोड आणि मुळं जिथं जुळतात ती जागा मातीच्या बरोबरीत ठेवा, खोल गेलं की वर्षानुवर्षं कुढत राहतं. बिया रुजवायच्या असतील तर ताज्याच, गर काढून, लगेच, वाळल्या की गेल्या. अरेका दोन-तीन महिन्यांत उगवतो, फॉक्सटेलला जास्त वेळ लागतो, कधी सहा महिने, तेवढ्यात कुंडी उलटी करून बघू नका. रॅपिसचे फुटवे मात्र मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की मुळासकट सुटे करता येतात, आमच्याकडं यंदा भरपूर आलेत, ओळखीच्यांनी येऊन न्यावेत, ओली गोणपाट तेवढी बरोबर आणा.